रंगाच्या रकान्यात

विलगीकरण तबेला, खण अकरा
३ मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

तू पत्रं उभ्याने वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी खाली बस. मी धडधाकट आहे. ढग्याही अजून आहे. हे 'अजून' का लिहावं लागलं ते सांगतो.

वरच्या जंगलातलं काम संपवून आम्ही दोघं परत निघालो होतो. ज्या उतारावर ट्रॅक्टर चढत नाही तिथले ओंडके ढग्याने बावीस दिवस ओढले आणि एकदाही पाय घसरू दिला नाही. पुलापाशी नाक्यावर अडवलं. पलीकडे घोड्यांची साथ आली आहे, म्हणून येणाऱ्या प्रत्येक घोड्याचं रक्त तपासतात. ढग्याच्या रक्तात साथीची खूण निघाली. तरी मी घाबरलो नाही. लस टोचलेल्या घोड्याच्या रक्तातही तीच खूण दिसते, लसीचं कार्ड दाखवलं की झालं, असं तिथल्या डॉक्टरनेच सांगितलं होतं. कार्ड नऊ वर्षं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. मोठ्या ऐटीत काढून दिलं.

कारकुनाने कार्ड वाचलं, ढग्याकडे पाहिलं, परत कार्ड वाचलं आणि मला विचारलं की या कार्डावरचा घोडा घरी विसरलात का. मी हसलो. तो हसला नाही. कार्डावर रंगाच्या रकान्यात 'डॅपल ग्रे' लिहिलं आहे, खुणांच्या रकान्यातही अंगभर डॅपल्स एवढंच आहे, आणि समोरचा घोडा तर पांढराफटक, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच घोड्याचं कार्ड मी याच्या गळ्यात बांधतोय असा त्याला संशय. लस टोचणारा डॉक्टर वारला. जंगलातले सोबती साक्ष द्यायला तयार आहेत, पण तोंडी साक्ष चालत नाही, जुनी लेखी खूण हवी.

२४ तारखेला तीन डॉक्टरांचं मंडळ येणार आहे. ज्या घोड्यांची ओळख पटणार नाही त्यांना 'निकाली काढणार'. शब्द त्यांचा आहे.

टाचणी, ते कार्ड तू भरलं होतंस. मला इंग्रजी येत नाही, तुला यायचं. तू काय लिहिलं होतंस आणि त्याचा खरा अर्थ काय, हे मला सोप्या मराठीत कळव, म्हणजे मी या माणसाशी भांडू शकेन. इथे टेलिफोन एकच आहे आणि तो साहेबांच्या टेबलावर असतो. एका घोड्यामागे एकच माणूस आत राहू देतात, तेव्हा धावत येऊ नकोस.

तू वेळेवर जेवत जा. या म्हाताऱ्यावर आणि त्याहून जास्त ढग्यावर जीव आहे तसाच ठेव.

तुझा,
मामा


६ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसावं लागलं.

डॅपल म्हणजे अंगावरचे गोल गोल फिकट ठिपके, भोवती गडद कडा असलेले. आभाळात लहान ढग दाटीने पसरावेत तसे. म्हणून तर आपण त्याला ढग्या म्हणतो. ग्रे म्हणजे करडा. मी लिहिलं ते त्या दिवशी अक्षरशः खरं होतं. पण तो दिवस नऊ वर्षांपूर्वीचा. ढग गेले, कार्ड राहिलं. दर वर्षी तो थोडा थोडा पांढरा होत गेला हे आपण सगळ्यांनी पाहिलं आणि कुणालाच कार्ड आठवलं नाही. मलाही नाही, आणि छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करते.

तुझ्या ओळखपत्रावर केस काळे आहेत ना? तुला नाक्यावर कुणी अडवत नाही. हे त्या कारकुनाला सांगून बघ. चिडला तर मात्र माझं नाव सांगू नकोस.

मी यातून मार्ग काढीन. कसा, ते अजून माहीत नाही. ढग्याच्या कपाळावरून माझ्या वतीने एकदा हात फिरव.

रागावला असशील तर तसं लिही, पण लिहीत राहा.

तुझी,
टाचणी


६ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मामाचं पत्र सोबत जोडलं आहे, आधी ते वाच.

आता मला खरं सांग. आई गेल्यावर तू मला घेऊन आलीस, बारा वर्षांची होईपर्यंत तुझं कापड कापायचं टेबल हीच माझी शाळा होती. एका टोकाला तू बाह्या कापायचीस, दुसऱ्या टोकाला मी इंग्रजी गिरवायचे. ते प्राण्यांचं जाड पुस्तक आठवतं? 'डॅपल ग्रे' हे दोन शब्द मी त्यात पहिल्यांदा वाचले आणि आठवडाभर जो दिसेल त्याला ऐकवले. भाजीवालीलासुद्धा. मग मामा कार्ड घेऊन आला. मला ते शब्द वापरायला एक खरा घोडा मिळाला आणि मी ते दोन्ही रकान्यांत लिहून टाकले.

ते चुकलं होतं का? कार्डावर असं लिहायचं नसतं, हे तुला माहीत होतं का? मी आधी कच्चं लिहायचे आणि तू तपासायचीस. ती कच्ची वही कुठे आहे? त्यात आणखी काही असेल का?

पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. छापखान्यात आज एका पाठ्यपुस्तकात मी बरोबर शब्दांवर चुकीच्या खुणा केल्या, मालकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. २५ पर्यंत रजा नाही म्हणाले. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे, तिथे आता रोज संध्याकाळी जाणार आहे.

लवकर लिही. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे असं समजूनच हे एवढं रागाने लिहिलं.

तुझी,
टाचणी


९ मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून प्रथम मला तुझा राग आला. तेव्हा आधी तो उतरवते.

चुकीचं मी काही शिकवलेलं नाही. घोडा त्या दिवशी डॅपल ग्रे होता. तू मला अंगणात ओढत नेऊन दाखवला होतास, माझ्या हातात कात्री तशीच होती. जे समोर दिसतं ते नेमकं लिही, हे मी तुला शिकवलं, तू लिहिलंस, मी दहापैकी दहा दिले. उद्या एखाद्या बाईने वीस वर्षांपूर्वीचं झंपर आणून सांगितलं की हे अंगाला होत नाही, तर तो माझ्या मापाचा दोष का?

आणि तुझ्या मामाने नऊ वर्षांत एकदा तरी कार्ड उघडून बघायला नको होतं? लहानपणापासून तो असाच. कागद खिशात घातला की काम झालं असं त्याला वाटतं.

वह्या माळ्यावरच्या पेटीत असतील, नाहीतर त्यांचे कागद मापाचे नमुने कापण्यात गेले असतील. माझे गुडघे शिडी चढू देत नाहीत. शेजारणीच्या मुलीला बोलावते.

तू जेव. उपाशीपोटी केलेल्या काळजीला काही आकार नसतो.

रागावले तरी दार उघडंच असतं हे तुला माहीत आहे, तेवढा विश्वास राहू दे.

तुझी,
मावशी


११ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

सापडलं! घाईत लिहिते आहे, टपाल सुटायला वीस मिनिटं आहेत.

घोड्यांची वर्णनं कशी लिहावीत यावर डॉक्टरांसाठी एक पुस्तिका आहे. त्यातलं पान उतरवून, ग्रंथपालबाईंची सही-शिक्का घेऊन सोबत पाठवते. थोडक्यात असं. ग्रे घोडा जन्मतो तेव्हा काळसर असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. मधली काही वर्षं अंगावर डॅपल्स येतात आणि बहुधा जातात. तो पुढे दुधासारखा पांढरा दिसू लागला तरी रंगाच्या रकान्यात 'ग्रे'च लिहायचं. 'डॅपल' लिहायचंच असेल तर तारीख घालून लिहायचं, आणि ओळख पटवण्यासाठी त्यावर कधीही विसंबायचं नाही. ओळख पटते ती केसांच्या भोवऱ्यांवरून आणि जुन्या व्रणांवरून, कारण ते बदलत नाहीत.

म्हणजे माझा शब्द खोटा नव्हता, पण जागा चुकली होती. जे जाणारं होतं ते मी कायमच्या रकान्यात लिहिलं आणि जे राहणारं होतं ते लिहिलंच नाही.

हे पान कारकुनाला दाखव. त्याला पटलंच पाहिजे.

धीर धर, आणि मलाही थोडा पाठव.

तुझी,
टाचणी


खण अकरा
१४ मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

पान मिळालं. कारकुनाने ते नीट वाचलं, माणूस वाईट नाही. डॅपल ग्रे घोडा पांढरा होऊ शकतो हे त्याला मान्य. म्हणजे हा घोडा कार्डावरचा असू शकतो. पण हा तोच आहे कशावरून? जगात पांढरे घोडे काय कमी आहेत? आधी लिहून ठेवलेला एखादा भोवरा, एखादा व्रण दाखवा, म्हणाला. तुझ्या ओळखपत्राच्या विनोदावर मात्र त्याने टोपी काढून स्वतःचं टक्कल दाखवलं.

ढग्या चारा हुंगतो आणि सोडून देतो. जंगलात दिवसभर चालणारा जीव, त्याला चार पावलांच्या खणात बांधलं आहे. मला बघून मान वर करतो. त्याला वाटतं आपण निघालो.

आता एक गोष्ट लिहितो, ती वाचून लगेच किंचाळू नकोस. बाराव्या खणात एक गाडीवान आहे, त्याच्या तांबड्या घोडीचं कार्ड नदी ओलांडताना वाहून गेलं. तो म्हणतो, तुझं तर सोपं आहे. कार्ड घोड्यासारखं होत नसेल तर घोडा कार्डासारखा कर. काजळी आणि थोडं तेल घेऊन ठिपक्यांच्या कडा रंगवायच्या, मंडळ दहा पावलांवरून बघणार, दिवसाला चाळीस घोडे बघतात. त्याने डबीभर काजळी मला आणूनही दिली.

मला हे पटत नाही आणि दुसरं काही दिसतही नाही. हाताने रंगवायला मला ते ठिपके नीट आठवायला हवेत, आणि मला फक्त ढग आठवतात, त्यांच्या जागा नाही आठवत. तुला आठवत असतील. लहानपणी तू तासन्‌तास त्याच्यासमोर बसायचीस. तेवढं एक चित्र काढून पाठव. कुठे मोठे, कुठे लहान, एवढंच.

नाही पाठवलंस तरी तू माझी तीच भाची. पण पाठव.

मामा


१७ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

चित्र काढलं. सगळं आठवलं. उजव्या खांद्यावर तीन ठिपके एकमेकांना चिकटलेले होते, त्यांना आपण बसलेलं कोकरू म्हणायचो. मागच्या पुठ्ठ्यावर मोठे, गोल, तव्याएवढे. मानेकडे जाताना बारीक होत होत विरणारे. छापखान्यातल्या जुन्या मुद्रितांच्या पाठीवर काढलं, दोन्ही बाजू काढल्या. मग ते या पाकिटात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. डिंक दोनदा वाळला.

मामा, मी ते पाठवत नाही.

का ते ऐक, आणि ऐकून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण. रंग हाताला लागला आणि तू पकडला गेलास तर तुझ्या खऱ्या बोलण्यालाही कुणी कान देणार नाही. मग तो ढग्या असला तरी नसल्यात जमा. आज त्याच्या बाजूला निदान एवढं तरी आहे की आपण खोटं काही दाखवलेलं नाही.

हे लिहिताना मला धीर आहे असं समजू नकोस. २४ ला त्याला नेलं तर ते नऊ वर्षांपूर्वी लिहिलेल्या माझ्या दोन शब्दांमुळे असेल आणि आज न पाठवलेल्या या कागदामुळे असेल. दोन्हीकडे मीच. मी शब्द बरोबर वापरला की चूक, याचा हिशेब तेव्हा कुणाला हवा असेल? काल दुपारी मी टेबलाखाली वाकून रडले, पडलेली पेन्सिल शोधते आहे असं सांगितलं.

एक कर. आयाळ उचल, छाती, कपाळ, कुशी, सगळीकडे केस कुठे गोल फिरले आहेत ते बघ आणि मला कळव. मला अंधुक आठवतं की मी त्याच्या आयाळीखाली कशावरून तरी बोट फिरवत बसायचे. पण आठवण लेखी नसते, हे मला माहीत आहे.

मावशीला माझी जुनी वही शोधायला सांगितली आहे, तिचं अजून काही कळलं नाही.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तर मी समजून घेईन, पण करू नकोस.

टाचणी


१९ मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

वही सापडली. शेजारणीच्या मुलीने पेटी उतरवली आणि मी सकाळपासून जमिनीवर बसून आहे. कुणीतरी उठवल्याशिवाय उठता येणार नाही हाही त्यात भाग आहे.

तुझ्या मागच्या पत्राला मी जे उत्तर दिलं ते परत घेते. सगळं नाही, मामाबद्दलचं राहू दे.

वहीत घोड्याचं वर्णन दीड पान आहे, वर तारीख घातलेली. तू लिहिलं होतंस की तो डॅपल ग्रे आहे. पुढे लिहिलं होतंस की मानेच्या डाव्या बाजूला, आयाळ उचलली तरच दिसतात असे दोन भोवरे आहेत, एकाखाली एक, वरचा सरळ फिरतो आणि खालचा उलटा, आणि खालच्यावर बोट ठेवलं की तो कान हलवतो. भोवऱ्याला इंग्रजी शब्द माहीत नव्हता म्हणून तू त्यांचं चित्र काढलं होतंस, बाण दाखवून.

आणि त्यावर माझी आडवी लाल रेघ आहे. शिवणाच्या खडूची. समासात माझा शेरा आहे: लांबून दिसतं तेवढंच लिही, अस्तर कुणी बघत नाही, जास्तीचं कापून टाक.

मी कापड कापते तशी वाक्यं कापायला तुला शिकवलं. मला वाटायचं, सुटसुटीत म्हणजे नेटकं. तू घोड्याची ओळख बरोबर लिहिली होतीस, टाचणी. मी ती जास्तीची म्हणून खोडली, तू कार्डावर तेवढी सोडून उरलेलं लिहिलंस, आणि त्यावर मी दहापैकी दहा दिले. सकाळपासून मी किती वेळा त्या रेघेवर बोट घासलं! खडू इतक्या वर्षांत पक्का बसला आहे.

आणखी एक. पानाच्या खाली लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं आहे, बारीक आकड्यांसकट. तू डॉक्टरांकडून मागून घेतलं होतंस, छपाई सुंदर आहे म्हणून. त्याखालीही माझा शेरा आहे, की चिकटवायचं ते चिकटवहीत, इथे नको.

वही टपालाने पाठवणार नाही. उद्या पहाटेच्या बसने मी स्वतः नेते. गुडघ्यांचं मी बघते. आत सोडत नाहीत असं मामाने लिहिलंय, तेही बघते.

हे वाचून मला काही लिहू नकोस. परत आल्यावर समोर बसून जे बोलायचं ते बोल. तोवर माया काढून घेऊ नकोस, एवढंच मागते.

मावशी


पुलाजवळचा तळ
२५ मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

ढग्या माझ्या मागे उभा आहे आणि हे पत्र खायला बघतो आहे. हे आधी लिहिलं, नाहीतर तू शेवटची ओळ आधी वाचशील.

आता क्रमाने. तुझं पत्र मला वीस तारखेला दुपारी मिळालं. त्या दिवशी सकाळी मी डाव्या पुठ्ठ्यावर चार ठिपके रंगवले होते. ठिपके कसले, पातेल्यांच्या बुडासारखे दिसत होते. ढग्या मान वळवून बघत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि पाच बादल्या पाण्याने धुतला. काजळी गेली, पण तेलाने करडा डाग राहिला.

एकविसाला फाटकापाशी आरडाओरडा ऐकू आला. आवाज ओळखीचा. पहारेकरी ताईला, म्हणजे तुझ्या मावशीला, आत सोडेना. तिने त्याला सांगितलं की त्याच्या गणवेशाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली शिवला आहे आणि अशा खांद्याने कुणाला अडवणं शोभत नाही. तीन दिवस ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसली, त्याचा खांदा उसवून परत शिवून दिला, आणि चोविसाला त्यानेच तिला आत आणलं.

मंडळाच्या प्रमुख एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई आहेत. आधी बारावा खण झाला. गाडीवानाकडे दाखवायला काही नव्हतं. घोडी त्याच्यामागे शांतपणे चालत गेली. त्याबद्दल आज लिहवत नाही.

मग आम्ही. बाईंना आधी दिसला तो पुठ्ठ्यावरचा डाग. त्यांनी विचारलं हे काय. मी सांगितलं, की घोडा कार्डासारखा दिसावा म्हणून रंगवायला घेतला होता, भाचीने नको म्हटलं म्हणून धुतला. कारकून लिहायला लागला. मला वाटलं संपलं.

तेवढ्यात ताईने वही त्यांच्यापुढे उघडून धरली. म्हणाली की मुलीने बरोबर लिहिलं होतं, खोडलं मी, लाल रेघ माझी आहे, काय शिक्षा असेल ती मला करा. टाचणी, आपल्या ताईला मी जन्मात कधी चूक कबूल करताना ऐकलं नव्हतं.

बाईंनी वाचलं. बाणांचं चित्र पाहिलं. मग ढग्याची आयाळ उचलली. खालच्या भोवऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ढग्याने कान हलवला. मग लेबलावरचा बाटलीचा क्रमांक एका डॉक्टरने मोठ्याने वाचला आणि कारकुनाने कार्डावर लसीपुढे लिहिलेला. शेवटच्या अंकापर्यंत दोन्ही जुळले, म्हणजे वही आणि कार्ड एकाच घोड्याची.

जाताना कारकुनाने विचारलं की डागाचं काय लिहायचं. बाईंनी त्यावर अंगठा घासून पाहिला आणि सांगितलं, काजळी आहे असं लिहा, ती घोड्याच्या वर्णनात येत नाही.

काजळीची डबी गाडीवान मागायला आला नाही. माझ्याकडेच आहे. काय करू तिचं?

नवं कार्ड द्यायचं आहे. कारकून भरणार होता, मी भरू दिलं नाही. कोरं कार्ड सोबत आहे, आणि ढग्याला नखशिखांत बघून काढलेली यादी. दोन आठवड्यांत परत करायचं आहे.

तू चित्र पाठवलं नाहीस त्याबद्दल तुला काय म्हणू ते शब्द मला मराठीतही येत नाहीत. तेवढं समजून घे आणि तसाच जीव लाव.

मामा


३० मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तू लिहू नकोस म्हणालीस, आणि मी इतके दिवस खरंच लिहिलं नाही. आज कामापुरतं लिहिते. बाकीचं रविवारी येऊन, तुझ्या टेबलाच्या माझ्या टोकाला बसून बोलेन. त्यात रागाचं थोडं असेल, फार नाही. लाल रेघ तुझी होती हे खरं, पण तिच्याखालचं वाक्य सोडून देणारी मी होते. बारा वर्षांची मुलगीही विचारू शकते की हे का कापलं. मी विचारलं नाही, कारण मला तुझे दहापैकी दहा हवे होते.

मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की खुणा करताना यापुढे खोडलेलं वाक्यसुद्धा एकदा वाचत जा. मग रविवारला जोडून सोमवारची रजा दिली.

बाराव्या खणातली घोडी मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्याही आयाळीखाली काहीतरी असेलच ना? कुणीतरी कधीतरी बोट फिरवलंही असेल. मामाला लिहिलं आहे की डबी टाकून देऊ नकोस, गाडीवानाला शोधून परत दे आणि त्याच्याबरोबर थोडा वेळ बस.

कार्ड भरून सोबत पाठवते आहे. तपासून थेट मामाकडे धाड. रंगाच्या रकान्यात 'ग्रे' एवढा एकच शब्द आहे. तो लिहायला मला एक तास लागला. खुणांच्या रकान्यात आयाळीखालचे दोन्ही भोवरे त्यांच्या दिशांसह आहेत, कपाळावरचा एक, कुशीतला एक, पुढच्या डाव्या गुडघ्यावरचा साखळीचा जुना व्रण, आणि खालच्या ओठावरचा बोटभर गुलाबी डाग. सगळं मावलं नाही, म्हणून मजकूर मागच्या बाजूला गेला आहे. अस्तरापर्यंत गेला आहे म्हण. जास्तीचं वाटलं तरी कापू नकोस.

डॅपल्सना कार्डावर कुठेच जागा दिली नाही. त्यांचं चित्र, जे मी मामाला पाठवलं नव्हतं, ते आता वेगळ्या पाकिटात पाठवते आहे, तबेल्याच्या भिंतीवर लावायला. त्याखाली मी तेच दोन शब्द लिहिले आहेत, डॅपल ग्रे, आणि पुढे त्या वहीतली नऊ वर्षांपूर्वीची तारीख घातली आहे.

रविवारी येते. खडू टेबलावर असू दे, आणि माझी जागाही.

तुझी,
टाचणी